बागेतील उंच गवताची छोट्या ट्रॅक्टरने कापणी

श्रावण-भाद्रपदात भाताची, सोयाबीनची, भाजीपाल्याची कामे अंगावर असतात. बागेतील गवताकडे पाहायला सवड मिळत नाही आणि दसऱ्याच्या सुमारास बागेत जावे तर दोन ओळींमधील गवत कमरेला लागलेले असते. मजूर वेळेवर मिळत नाहीत. मग घरच्या छोट्या ट्रॅक्टरला गवत कापणीचे यंत्र जोडून एका दिवसात सगळी बाग साफ करण्याचा प्रयत्न होतो. अशा वेळी यंत्र गवताने गच्च भरते, इंजिन बंद पडते, पट्टा तुटतो, अर्धे गवत चाकाखाली आडवे पडून तसेच राहते. कधी कधी गवतात दडलेला दगड उडून माणसाला इजा होते.

द्राक्ष, डाळिंब, आंबा, काजू, चिकू या बागांमध्ये १८ ते २८ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आता बरेच दिसतात. गवत कापण्यासाठी त्यांना दोन प्रकारची यंत्रे जोडली जातात. एक म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये, ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसणारा मोअर डेक आणि दुसरे म्हणजे मागे जोडायचा स्लॅशर. पोटाखालचा डेक रोपवाटिका, कृषी पर्यटन केंद्रे, मोठी हिरवळ असलेली आवारे येथे अधिक आढळतो, तर शेतावर स्लॅशर जास्त वापरात आहे. यंत्र कोणतेही असो, उंच गवत एकाच फेरीत जमिनीलगत कापू नये. ते दोन टप्प्यांत, दोन उंचीवर आणि दोन उलट दिशांनी कापावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. त्यामागची कारणे व प्रत्यक्ष पद्धत पुढे दिली आहे.

गवत केव्हा कापावे?

कापणीची वेळ गवताच्या उंचीवरून न ठरवता त्याच्या फुलोऱ्यावरून ठरवावी. गवत फुलोऱ्यावर येण्याच्या बेतात असताना कापल्यास बी जमिनीवर पडत नाही व पुढील वर्षीचे तण कमी होते. बी पक्व झाल्यावर कापणी केली तर यंत्राच्या पात्याने उडालेले बी साऱ्या बागेत पसरते, म्हणजे तणाची पेरणी आपणच केल्यासारखे होते. गाजर गवताच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. कुसळी गवताला एकदा कुसळे धरली की ते जनावरांच्या तोंडाला टोचते, शिवाय बागेत काम करणाऱ्यांच्या कपड्यांतूनही रुतते.

साधारणपणे पहिली कापणी जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पावसाच्या उघडीपीत करावी व दुसरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस करावी. यातील पहिली कापणी हुकली की उंच गवताचा प्रश्न उभा राहतो. ऑक्टोबरची कापणीही हुकली तर तेच गवत वाळून उभे राहते आणि कोकणातील आंबा-काजूच्या बागांना उन्हाळ्यात वणव्याचा धोका निर्माण होतो. बाहेरून आलेली एक ठिणगी अनेक वर्षे जोपासलेली कलमे होरपळून टाकण्यास पुरेशी असते.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. दव असताना गवत ओले असते, त्याचे गोळे होऊन डेकच्या आतल्या बाजूस चिकटतात. त्यामुळे दव उडाल्यावर, म्हणजे सकाळी दहानंतर कापणी सुरू करावी.

यंत्र गवत कसे कापते?

विळ्याने गवत कापताना आपण ते मुठीत धरतो. कात्रीची दोन पाती गवत आपसांत धरून कापतात. मोअर किंवा स्लॅशरच्या फिरत्या पात्याला मात्र असा दुसऱ्या बाजूचा आधार नसतो. ते केवळ वेगाच्या जोरावर फटका मारून गवत तोडते. वेग पुरेसा असेल तरच काडी वाकण्यापूर्वी तुटते, नाहीतर ती पात्यापुढे नुसती वाकते किंवा फाटते.

एक हिशेब पाहू. डेकमधील पाते ५० सें.मी. लांब असून ते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २८० कि.मी. होतो. इंजिनाची गती कमी करून पात्याचे फेरे २००० वर आणले तर हाच वेग सेकंदाला ५२ मीटरपर्यंत खाली येतो. हलक्या गवतात हे चालून जाईल. उंच, दाट व जून झालेल्या गवतात चालणार नाही.

डेकच्या पात्याची मागची कड वर वळवलेली असते. पाते फिरताना ती पंख्यासारखे काम करते, हवा वर ओढते, त्या हवेबरोबर गवत उभे राहते आणि कापलेले तुकडे कडेच्या तोंडातून बाहेर फेकले जातात. गती कमी झाली की ही हवाही कमी पडते. गवत उभे राहत नाही, तुकडे बाहेर जात नाहीत व डेक भरतो.

म्हणून एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. ट्रॅक्टर सावकाश चालवायचा असेल तर खालचा गिअर घ्यावा, अ‍ॅक्सिलरेटर कमी करू नये. पी.टी.ओ.चे फेरे कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पूर्ण ठेवावेत. मागच्या पी.टी.ओ.साठी ते मिनिटाला ५४० असतात. पोटाखालचा डेक चालवणाऱ्या मधल्या पी.टी.ओ.चे फेरे बहुतेक ट्रॅक्टरमध्ये २००० ते २५०० असतात.

पोटाखालचा डेक की मागचा स्लॅशर?

पोटाखालचा डेक मुळात हिरवळीसाठी, म्हणजे वरचेवर कापल्या जाणाऱ्या आखूड गवतासाठी बनवलेला असतो. तो चालकाच्या नजरेसमोर असतो, झाडाच्या जवळून वळवता येतो, जमिनीच्या चढउताराप्रमाणे चालतो आणि कापणी एकसारखी होते. उंच गवतात मात्र त्याच्या तीन अडचणी आहेत. पहिली, पुढची चाके व पुढचा आस डेकच्या आधी गवतावरून जातात आणि ते आडवे पाडतात. दुसरी, डेकचे कवच उथळ असते, त्यात जास्त गवत मावत नाही. तिसरी, पाती पट्ट्यावर चालतात, भार वाढला की पट्टा घसरतो व तापतो.

स्लॅशरचे पाते जाड व जड असते, ते गिअरबॉक्सवर चालते आणि बोटाएवढ्या जाडीच्या झुडपालाही दाद देत नाही. रानमोडीसारखी झुडपे गवतात माजली असतील तर स्लॅशरच वापरावा, डेक त्यात घालू नये. स्लॅशरच्या रुंदीला दर फुटामागे पी.टी.ओ.वर साधारण ५ अश्वशक्ती लागते असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे चार फुटी स्लॅशरला २० अश्वशक्ती पी.टी.ओ.वर मिळाली पाहिजे. ट्रॅक्टरच्या नावापुढे लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते, पी.टी.ओ.वर ती त्याहून कमी मिळते, हे यंत्र खरेदी करताना विसरू नये.

गवत गुडघ्यापर्यंत असेल तर पोटाखालच्या डेकने पुढे दिलेल्या पद्धतीने काम होते. कमरेएवढे जून गवत असेल तर पहिली कापणी स्लॅशरने किंवा विळ्याने करून घ्यावी व पुढच्या कापण्या डेकने कराव्यात.

कापणीपूर्वी बाग पायी फिरून पाहावी

उंच गवतात काय दडले आहे हे ट्रॅक्टरवर बसून दिसत नाही. कापणीच्या आदल्या दिवशी गमबूट घालून, हातात काठी घेऊन प्रत्येक ओळीतून फिरावे. काठीने गवत हलवत चालल्यास साप बाजूला जातात. दगड, तारेचे तुकडे, बाटल्या, तुटलेले खांब उचलून टाकावेत. न उचलता येणारे दगड, वारुळे, खड्डे व पाण्याचे व्हॉल्व्ह यांच्याजवळ उंच काठी रोवून तिला कापड बांधावे.

ठिबकच्या नळ्या गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी उंच बांधाव्यात. तार किंवा नळी एकदा पात्यात अडकली की ती दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि तेथील सील व बेअरिंग खराब होते. झाडाच्या बुंध्यापासून दोन्ही बाजूंस ४५ ते ६० सें.मी.चा पट्टा यंत्राने कापू नये, तो विळ्याने साफ करावा. बुंध्याची साल एकदा सोलली गेली तर तेथून बुरशी व खोडकिडीला वाट मिळते.

पहिली कापणी : उंच, संथ आणि झाडे डाव्या हाताला

डेक सर्वांत वरच्या उंचीवर ठेवावा. बहुतेक डेकमध्ये ही उंची १० सें.मी.च्या आसपास असते. स्लॅशर असल्यास तो १५ सें.मी. उंच ठेवावा. या फेरीत बाग स्वच्छ दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. गवताचा मोठा भार उतरवणे व जमिनीवर काय आहे ते दिसू लागणे एवढाच तिचा उद्देश आहे.

बहुतेक डेकचे गवत फेकण्याचे तोंड उजव्या बाजूस असते. कापलेले गवत न कापलेल्या गवतावर पडले तर पुढच्या फेरीत यंत्राला ते दुसऱ्यांदा कापावे लागते आणि भार वाढतो. ते टाळण्यासाठी दोन ओळींच्या मधोमध पहिला पट्टा कापावा. त्यानंतर झाडे डाव्या हाताला ठेवून जावे व परत येतानाही दुसऱ्या ओळीची झाडे डाव्या हाताला ठेवावीत. असे केल्याने प्रत्येक फेरीचे गवत उजवीकडे, मधल्या कापलेल्या पट्ट्यावर पडते. मधून कडेकडे कापत गेल्यामुळे गवतातील ससा, तितर यांसारख्या जिवांनाही बाजूला निघून जाण्यास वाव मिळतो.

मधला पहिला पट्टा सोडल्यास डेकची पूर्ण रुंदी गवतात घालू नये. अर्धी ते दोन तृतीयांश रुंदीच घ्यावी. ट्रॅक्टरचा वेग ताशी २ कि.मी.च्या आसपास ठेवावा. हा वेग मोजणे सोपे आहे. दहा मीटर अंतरावर दोन काठ्या रोवाव्यात, ते अंतर जाण्यास १८ सेकंद लागले तर वेग ताशी २ कि.मी. आहे, १२ सेकंद लागले तर ३ कि.मी. आहे.

या कामात इंजिनाचा आवाज हाच खरा मार्गदर्शक आहे. आवाज जड होऊ लागला की जोर लावून पुढे जाऊ नये. ट्रॅक्टर थांबवावा, पाते फिरू द्यावे, डेक मोकळा होऊन आवाज पूर्ववत झाला की खालच्या गिअरमध्ये पुढे जावे. ज्या ट्रॅक्टरला एकच क्लच आहे त्यात क्लच दाबताच पी.टी.ओ.चाही संबंध तुटतो. त्याशिवाय फिरत्या स्लॅशरच्या जडपणामुळे, क्लच दाबूनही ट्रॅक्टर काही अंतर पुढे ढकलला जातो. बांधाच्या किंवा विहिरीच्या कडेला हे जिवावर बेतू शकते. अशा ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.ला एकाच दिशेने जोर देणारी ओव्हररनिंग क्लचची जोडणी बसवून घ्यावी.

दुसरी कापणी : खाली आणि झाडे उजव्या हाताला

पहिल्या कापणीनंतर दोन-तीन दिवस थांबावे. कापलेले गवत सुकून हलके होते आणि चाकाखाली आडवे पडलेले गवत पुन्हा मान वर काढते. दुसऱ्या वेळी उंची ७ ते ८ सें.मी. ठेवावी. यापेक्षा खाली जाऊ नये. जमीन उघडी पडते, उतारावर माती वाहून जाते आणि पाते दगडमातीला लागून बोथट होते.

या वेळी झाडे उजव्या हाताला ठेवून चालावे. यात दोन फायदे आहेत. पहिल्या वेळच्या उलट दिशेने यंत्र जात असल्याने आडवे पडलेले गवत उचलले जाऊन कापले जाते. दुसरे म्हणजे कापलेले गवत झाडाच्या ओळीकडे फेकले जाते व आच्छादनासाठी आपोआप जागेवर पोहोचते. डेकच्या तोंडावरील रबरी किंवा पत्र्याची झडप मात्र खाली असलीच पाहिजे, नाहीतर खडे थेट बुंध्यावर बसतात. स्लॅशर गवत मागे टाकतो, त्यामुळे त्याला डाव्या-उजव्या हाताचा नियम लागू नाही, पण उलट दिशेने जाण्याचा नियम लागू आहे.

चार फुटी यंत्राने ताशी २ कि.मी. वेगाने, वळणाचा वेळ धरून, तासाला साधारण अर्धा एकर काम होते. अर्धी रुंदी घेतल्यास त्याच्या निम्मेच होईल. त्यामुळे पाच एकर बाग एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये.

उतारावर काम करताना

चार मीटर अंतरात एक मीटरपेक्षा अधिक चढ असलेल्या जागी चाकाच्या ट्रॅक्टरने गवत कापू नये. तेथे पाठीवरचे ब्रश कटर किंवा विळा वापरावा. त्याहून कमी उतारावर ट्रॅक्टर वर-खाली चालवावा, उताराला आडवा चालवू नये. वळण शक्यतो सपाट जागेवर घ्यावे. चालकाच्या डोक्यामागे पोलादी संरक्षक चौकट असेल तर सीटबेल्ट बांधावा. चौकट नसेल तर सीटबेल्ट बांधू नये, कारण ट्रॅक्टर उलटल्यास चालक त्याखाली अडकून पडतो.

माणसांची सुरक्षितता

आपल्याकडे ट्रॅक्टर पुढे गवत कापत जातो आणि मागून घरातील बाया-माणसे जनावरांसाठी गवत गोळा करत येतात. ही पद्धत बंद केली पाहिजे. पात्याच्या टोकाचा वेग वर सांगितला आहे. त्या वेगाने उडालेला खडा डोळा फोडू शकतो, जीवही घेऊ शकतो. पाते फिरत असताना ५० मीटरच्या आत कोणी असू नये. मागची संरक्षक साखळी किंवा पत्रा नसलेल्या स्लॅशरपासून १०० मीटर दूर राहावे. गवत गोळा करायचे ते यंत्र बंद झाल्यावरच. लहान मुलांना ट्रॅक्टरवर शेजारी बसवू नये.

पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात ९ फेरे. धोतराचा सोगा, पदर किंवा उपरण्याचे टोक त्यात सापडले तर हात आखडण्याइतकाही वेळ मिळत नाही. दांड्यावरील प्लॅस्टिकचे कवच तुटले असल्यास नवीन बसवल्याशिवाय काम सुरू करू नये.

डेक भरला म्हणून हात घालण्यापूर्वी पी.टी.ओ. बंद करावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि पाते पूर्ण थांबल्याची खात्री करावी. यंत्राखाली काम करायचे असेल तर ते नुसत्या हायड्रॉलिकवर उचलून ठेवू नये, खाली लाकडी ओंडके द्यावेत.

वाळलेल्या गवतात आगीचा धोका विसरू नये. गवताचा भुसा रेडिएटरच्या जाळीवर, सायलेन्सरजवळ व डेकवर साठतो. दर तासाला इंजिन बंद करून तो झटकावा. डिझेल इंजिन थंड झाल्यावरच भरावे.

पात्याची निगा

कापणीच्या दुसऱ्या दिवशी गवताची टोके पाहावीत. ती सरळ कापलेली दिसली तर पाते धारदार आहे, तंतू निघून पांढरट झालेली दिसली तर पाते बोथट आहे. उंच गवतात दर ८ ते १० तासांनी डेकच्या पात्याला धार लावावी. मूळचा कोन कायम ठेवून कानस चालवावी. विळ्यासारखी पातळ धार करू नये, ती लगेच दुमडते. दोन्ही टोकांकडून सारखेच लोखंड काढावे. त्यानंतर पात्याच्या मधल्या भोकात खिळा घालून ते आडवे टांगावे. जे टोक खाली जाईल ते जड आहे, त्या बाजूने थोडे अधिक घासावे. तोल नसलेल्या पात्याने यंत्र थरथरते व बेअरिंग लवकर जाते. पाते परत बसवताना वळलेली कड डेकच्या छताकडे असावी. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये, बदलावे.

कापलेल्या गवताचा उपयोग

फिरत्या पात्याने गवताचे तुकडे होतात व त्यात माती मिसळते. त्यामुळे साठवणीच्या वैरणीसाठी ही पद्धत योग्य नाही. चांगली वैरण हवी असल्यास फुलोऱ्याच्या वेळी विळ्याने किंवा कात्री पद्धतीच्या कापणी यंत्राने गवत कापावे. तुकडे झालेल्या गवताचे ५ ते ७ सें.मी. जाडीचे आच्छादन झाडाच्या आळ्यात द्यावे. बुंध्याभोवती एक फूट जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवीचा उपद्रव कमी होतो. बागेच्या हद्दीलगतचे गवत मात्र तेथे पडू न देता आत उचलून आणावे आणि हद्दीभोवती मोकळी जाळरेषा ठेवावी.

हरळी, लव्हाळा व कुंदा यांचा या कापणीने नायनाट होत नाही, कारण त्यांची वाढ जमिनीतील काश्या, गाठी व मुळांतून होते. हरळी तर वरचेवर कापल्यास अधिकच पसरते. त्यांच्यासाठी खोल नांगरट, काश्या वेचणे किंवा शिफारशीप्रमाणे तणनाशक हे उपाय वेगळे करावे लागतात.

शेतकरी बंधूंनो, गवत हे बागेचे शत्रू नाही. ते पावसाळ्यात माती धरून ठेवते आणि कापल्यावर आच्छादन देते. पोटाखालच्या डेकचा खरा उपयोग गवत उंच होऊ न देण्यासाठी आहे. पुढील हंगामात ऑगस्टची कापणी चुकवू नये. ती चुकलीच, तर पहिल्या दिवशी उंच कापावे, दोन-तीन दिवस थांबावे आणि मग उलट दिशेने खाली कापावे. एक जादा फेरी मारण्यासाठी जाणारे डिझेल हे तुटलेल्या पट्ट्यापेक्षा आणि जखमी झालेल्या माणसापेक्षा नक्कीच स्वस्त पडते.